दिवाळ्याचे कागद आणि माणसाचे नाव

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचन चालू असताना एका संध्याकाळी शेजारच्या मुलीने मला विचारले, "मावशी, तुम्ही घरी बसून नेमके काय काम करता?" ती बारावीला आहे. पुढे काय शिकावे या विचारात आहे. मी म्हटले, "इटलीत ज्या कंपन्यांचे दिवाळे निघते, त्यांचे कोर्टाचे कागद इटालियनमधून इंग्रजीत आणते." मुलगी हसली. बाजूला बसलेल्या एक आत्या म्हणाल्या, "अगं बाई, असले दळभद्री काम कशाला करतेस? दुसऱ्याच्या दिवाळ्यावर पोट!"

त्या गमतीने बोलल्या, मला राग आला नाही. पण घरी आल्यावर वाटले, या कामात मी जे शिकले ते आपल्या माणसांना सांगितले पाहिजे. कारण हे काम दिवाळ्याचे असले तरी त्यात कामगाराच्या पगाराचा प्रश्न आहे आणि माणसाच्या इभ्रतीचाही. या दोन्ही गोष्टी आपल्या घरांतल्याच आहेत.

सुरुवात आमच्याच घरापासून करते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मुंबईत गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर जे झाले ते या पानाच्या वाचकांना मी काय सांगणार! आमची गिरणी नंतर काही वर्षे रडतखडत चालली आणि मग लिक्विडेशनमध्ये गेली. फाटकावर एक इंग्रजी कागद लागला. आबांनी तो शेजारच्या एका शिकलेल्या गृहस्थांना दाखवला. त्यांनी वाचून सांगितले, "तुमचे पैसे मिळणार आहेत. अर्ज करा." ते चांगल्या मनाने सांगत होते. पण अर्ज किती तारखेच्या आत करायचा, ही खालची ओळ त्यांच्या नजरेतून सुटली. आबांचा अर्ज उशिरा गेला. पहिल्या वाटपात त्यांचे नाव नव्हते. बरोबरीच्या कामगारांना पैसे मिळाले, त्यानंतर चार वर्षांनी आबांना मिळाले. तोवर त्यांच्या हातात ते पैसे मोजायचीही ताकद उरली नव्हती.

मी तेव्हा फोर्टमधल्या एका निर्यात कंपनीत टायपिस्ट होते. त्या कंपनीचा इटलीशी व्यवहार होता. इटालियन येणारा माणूस ऑफिसात नव्हता, म्हणून मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती भाषा शिकले. आधी बिले, मग करारपत्रे असे करत करत कोर्टाच्या कागदांपर्यंत आले. ते कागद इतर भाषांतरकार टाळत, म्हणून माझ्याकडे आले.

इटलीचा दिवाळखोरीचा जुना कायदा १६ मार्च १९४२ चा. तो राजाच्या हुकूमनाम्याने आला होता. त्यात दिवाळ्याला शब्द होता 'फाल्लिमेन्तो' आणि ज्याचे दिवाळे निघाले तो 'फाल्लीतो'. 'फाल्लीरे' म्हणजे फसणे, अपयशी होणे. म्हणजे फाल्लीतो हा कायद्याच्या भाषेत अपयशी माणूस. रस्त्यावरच्या भांडणातही हा शब्द शिवी म्हणून वापरतात. इंग्रजीतला 'बँकरप्ट' हा शब्दही मुळात इटलीचाच. 'बांका' म्हणजे बाक आणि 'रोत्ता' म्हणजे मोडलेला. जुन्या काळी सावकार बाजारात बाक टाकून बसत. एखाद्याने पैसे बुडवले की त्याचा बाक लोक मोडून टाकत, असे सांगतात.

सुरुवातीच्या माझ्या चुका आज आठवल्या की हसू येते. इटालियन आणि इंग्रजीत सारखे दिसणारे शब्द फार आहेत, आणि दिसायला सारखा शब्द अर्थाने सारखा असतोच असे नाही. 'सेन्तेन्त्सा' म्हणजे कोर्टाचा निकाल. मी लिहिले 'सेंटेन्स'. वाचणाऱ्याला वाटले मालकाला शिक्षा झाली! 'कुरातोरे' म्हणजे कोर्टाने नेमलेला तो माणूस, जो दिवाळे निघालेल्या कंपनीची मालमत्ता ताब्यात घेतो, विकतो आणि देणेकऱ्याच्या जागी उभा राहतो. मी लिहिले 'क्युरेटर'. इंग्रजीत क्युरेटर म्हणजे वस्तुसंग्रहालय सांभाळणारा. 'स्तातो पास्सीवो' म्हणजे कोणाचे किती देणे आहे याची कोर्टाने मंजूर केलेली यादी. मी शब्दाला शब्द ठेवून 'पॅसिव्ह स्टेट' केले. त्यावर एका कारखानदाराने मला फोन करून विचारले, "बाई, आमचे पैसे झोपलेत का?" 'कॉन्कोर्दातो प्रेव्हेन्तीवो' म्हणजे पूर्ण दिवाळे निघण्याआधी कोर्टाच्या देखरेखीखाली घेणेकऱ्यांशी केलेली तडजोड. तिथे मी 'कॉन्कॉर्डट' लिहिले. तो शब्द इंग्रजीत पोपशी झालेल्या तहासाठी वापरतात.

चुका सुधारल्या तरी अडचण संपत नाही, कारण इंग्रजीही एक नाही. इंग्लंडच्या कायद्यात 'बँकरप्टसी' फक्त माणसाची होते, कंपनी 'लिक्विडेशन'मध्ये जाते. अमेरिकेत माणूस आणि कंपनी दोघांनाही 'बँकरप्टसी' हाच शब्द. मग इटलीच्या कंपनीसाठी मी कोणाचे इंग्रजी घ्यायचे? वाचणारा लंडनचा की न्यूयॉर्कचा की भोसरीचा, यावर अर्थ बदलतो.

याचे उत्तर मला युरोपीय संघाच्याच एका कायद्यात सापडले. एका देशातल्या दिवाळ्याचा दुसऱ्या देशात परिणाम कसा व्हावा, यासाठी त्यांचा २०१५ चा ८४८ क्रमांकाचा नियम आहे. त्याला एक परिशिष्ट जोडले आहे. त्यात प्रत्येक देशाच्या दिवाळ्याच्या कारवायांची यादी आहे आणि ती नावे त्या त्या देशाच्या भाषेतच ठेवली आहेत. नियमाच्या इंग्रजी प्रतीतही इटलीच्या कारवाईचे नाव इटालियनच. ते पाहून मला धीर आला. तेव्हापासून मी पहिल्यांदा मूळ शब्द आहे तसा ठेवते आणि लगेच साध्या इंग्रजीत सांगते की हा माणूस काय करतो, ही यादी कशाची आहे, हा अर्ज कोणी करायचा. नावाला नाव जुळवण्यापेक्षा काम सांगितलेले बरे. वाचणाऱ्याला नाव पाठ करायचे नसते. त्याला आपले पैसे कुठे अडकलेत ते कळायला हवे असते.

आता त्या पैशांच्या रांगेबद्दल. इटलीत दिवाळे निघाल्यावर पैसे वाटायची रांग ठरलेली असते. सगळ्यांत आधी ती कारवाई चालवायचा खर्च आणि कायद्याने आगाऊ ठरवलेली देणी. मग ज्यांच्याकडे तारण आहे किंवा ज्यांना कायद्याने अग्रहक्क दिला आहे ते. कामगारांचा थकलेला पगार या अग्रहक्कात वरच्या जागी येतो. शिवाय १९८२ च्या २९७ क्रमांकाच्या कायद्याने तिथे सरकारी विमा संस्थेकडे एक हमी निधी ठेवला आहे. मालक बुडाला तर कामगाराची नोकरी संपल्यावर मिळणारी रक्कम आणि ठरावीक मर्यादेत शेवटच्या तीन महिन्यांचा पगार त्या निधीतून मिळतो. आमचा संप सुरू झाला त्याच वर्षाचा हा कायदा! पहिल्यांदा भाषांतर करताना ते साल पाहून मी पेन खाली ठेवले होते.

रांगेच्या शेवटी असतात 'किरोग्राफारी'. हा शब्द मूळ ग्रीक. अर्थ हाताने लिहिलेला. ज्यांच्याकडे तारण नाही, अग्रहक्क नाही, फक्त लिहिलेला कागद आहे, ते हे घेणेकरी. इंग्रजीत त्यांना 'अनसिक्युअर्ड' म्हणतात. त्यांच्या वाट्याला जे उरेल ते येते आणि पुष्कळदा काहीच उरत नाही.

असाच एक किरोग्राफारी २०२३ साली माझ्याकडे आला. भोसरीचे एक छोटे वर्कशॉप. बावीस कामगार. इटलीतल्या एका कारखान्याला यंत्राचे सुटे भाग पाठवायचे. त्या कारखान्याचे दिवाळे निघाले आणि वर्कशॉपची बिले अडकली. कुरातोरेचे पत्र आले. वर्कशॉपचे हिशेब सांभाळणाऱ्या भाऊंनी ते मला पाठवले. म्हणाले, "ताई, पैसे आले नाहीत तर दोन लेथ बंद कराव्या लागतील. लवकर करून द्या."

पत्रात सुनावणीची तारीख होती २० डिसेंबर. सुनावणीच्या तीस दिवस आधी दावा पोचला पाहिजे, ही मुदत वाढवून मिळणार नाही, असे लिहिले होते. रात्री उशिरा काम करत होते. मी इंग्रजीत लिहिले, 'विदिन थर्टी डेज ऑफ द हिअरिंग'. मला वाटले, झाले.

दोन दिवसांनी भाऊंचा फोन आला. "ताई, कागद छान झाला. आता घाई नाही. सुनावणी डिसेंबरात, पुढे महिनाभर वेळ आहे. दिवाळी होऊन जाऊ द्या, मग बघू."

माझ्या पोटात खड्डा पडला. मी लिहिलेल्या वाक्याचा अर्थ 'सुनावणीपासून तीस दिवसांत' असाही होतो, आणि त्यांनी तोच घेतला होता. मूळ इटालियनमध्ये शब्द स्पष्ट होता: 'प्रीमा', म्हणजे आधी. तो एवढासा शब्द मी गाळला होता. म्हणजे शेवटचा दिवस होता २० नोव्हेंबर. दिवाळीनंतर निवांत वकील शोधत बसले असते तर दिवस निघून गेला असता. उशिराचा दावा तिथेही करता येतो, पण त्याला वेगळी मुदत असते आणि तोवर वाटप झालेले असेल तर पाहत बसावे लागते.

आबांच्या कागदावरची ती न वाचलेली ओळ मला आठवली. इतकी वर्षे मी मनातल्या मनात त्या शेजारच्या गृहस्थांना दोष देत होते. त्या दिवशी मीही तीच चूक केली. मी भाऊंना म्हटले, "भाऊ, चूक माझी आहे. आजच वकील गाठा." दुरुस्त प्रत तासाभरात पाठवली आणि तारीख आकड्यात न लिहिता अक्षरी लिहिली. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, इटालियन माणूस दिवस आधी लिहितो, त्यातही घोटाळे होतात. इटलीतल्या वकिलाने तिथल्या नोंदणीकृत ई-मेलवरून दावा पाठवला. तिथे असा ई-मेल रजिस्टर पत्रासारखा धरतात. दावा मुदतीत पोचला आणि यादीत नाव लागले, किरोग्राफारी म्हणून का होईना. भाऊंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण तेव्हापासून तारखेची प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचते. 'आधी' की 'नंतर' हे स्वतःला विचारते आणि मगच कागद पाठवते.

याच पत्राने मला दुसरी एक गोष्ट शिकवली. त्या कागदात 'फाल्लिमेन्तो' हा शब्द कुठेही नव्हता. इटलीने १२ जानेवारी २०१९ च्या १४ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने नवी संहिता केली. अनेकदा पुढे ढकलत ती १५ जुलै २०२२ पासून लागू झाली. या संहितेने 'फाल्लिमेन्तो' काढून तिथे 'लिक्विदात्सिओने ज्युदित्सिआले' हा शब्द घातला, म्हणजे कोर्टामार्फत होणारी मालमत्तेची निरवानिरव. 'फाल्लीतो' हा शब्दही गेला. आता त्याला 'ज्याच्यावर ही कारवाई चालू आहे तो देणेकरी' म्हणतात.

हा बदल नुसता कागदी नव्हता. १९४२ च्या कायद्यात फाल्लीतो माणसाचे नाव कोर्टातल्या जाहीर नोंदवहीत चढायचे. त्याची टपालाने येणारी पत्रे आधी कुरातोरेकडे जायची. दिवाळे जाहीर झाल्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षे त्याचा मताचा अधिकारही जायचा. धंदा बुडाला म्हणून मत गेले! काही इटालियन माणसे स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. २००३ मध्ये पत्रांबाबत आणि मार्च २००६ मध्ये मताच्या अधिकाराबाबत त्या न्यायालयाने इटलीला दोष दिला. २००६ च्या सुधारणेने ती नोंदवही गेली आणि मतबंदीही गेली. पण शब्द राहिला होता. तो जायला आणखी सोळा वर्षे लागली.

आणि मी काय करत होते? जुन्या सवयीने माझ्या कच्च्या मसुद्यात त्या कारखान्याच्या मालकाला 'द बँकरप्ट' लिहून मोकळी झाले होते. इटलीच्या संसदेने आणि कायदेपंडितांनी जो डाग पुसला, तो मी इंग्रजीत पुन्हा लावत होते. मी तो शब्द खोडला आणि 'देणेकरी' या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द घातला.

आपल्या मराठीकडे पाहिले तर काय दिसते? 'दिवाळे निघाले' ही घडलेली घटना झाली. पण 'दिवाळखोर' म्हटले की माणसाला 'खोर' लागतो. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर यांच्या रांगेत तो जाऊन बसतो. जणू दिवाळे काढणे हा त्याचा स्वभावच! त्या मानाने आपल्या कायद्यातला 'नादारी' हा शब्द सौम्य आहे. जुन्या माणसांना तो शाळेतून माहीत आहे. फी भरायची ऐपत नसलेल्या मुलाला नादारी मिळायची. ज्याच्याकडे नाही तो नादार. त्यात दोष नाही, फक्त परिस्थिती आहे.

शब्दाचे महत्त्व आपल्या समाजाला कोणी वेगळे सांगायला नको. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात लोकल बोर्डाच्या कायद्यात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घालायचे ठरले, तेव्हा बाबासाहेबांनी आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी विरोध केला आणि ते सभागृहाबाहेर पडले. दुसऱ्याने चिकटवलेले नाव गोड असले तरी ते आपले नसते, हे त्यांनी दाखवून दिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपण धम्माबरोबर आपले नावही स्वतः निवडले.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक आहे 'अनण' सुख, म्हणजे कर्ज नसल्याचे सुख. विनयातही उपसंपदा घेणाऱ्याला विचारतात, तू कर्जातून मोकळा आहेस ना? म्हणजे कर्ज बुडवावे असे धम्म कुठेही सांगत नाही. देणे हे दिलेच पाहिजे. पण कर्ज ही त्या माणसावर असलेली अडचण आहे, त्याची जात नाही. ती सुटू शकते.

इटलीच्या नव्या कायद्यातही याच्याजवळ जाणारा एक शब्द आहे, 'एस्देबितात्सिओने'. इंग्रजीत त्याला 'डिस्चार्ज' म्हणतात. पण हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळतो आणि नोकरीतूनही मिळतो. मूळ शब्दाचा अर्थ कर्ज उतरवणे असा आहे. मराठीत 'ऋणमुक्ती' हा शब्द त्याला जास्त जवळ जातो. प्रामाणिक देणेकऱ्याची कारवाई सुरू होऊन तीन वर्षे झाली किंवा ती त्याआधीच संपली, तर उरलेल्या देण्यातून सुटका मागता येते. लबाडी केलेल्याला ती मिळत नाही. लबाडीच्या गुन्ह्याला मात्र त्यांनी 'बांकारोत्ता' हे जुने नाव तसेच ठेवले आहे. मला हे फार पटले. बुडणे वेगळे आणि बुडवणे वेगळे. दोघांना एकच शब्द वापरला तर प्रामाणिक माणसावर अन्याय होतो आणि लबाड त्याच्या आडोशाला लपतो.

वाचक बंधु-भगिनींनो, जाता जाता कामाच्या दोन गोष्टी सांगते. आपल्या देशात २०१६ पासून नादारी व दिवाळखोरी संहिता आहे. कंपनीवर ही कारवाई सुरू झाली की एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. तिच्यात दावा देण्याची शेवटची तारीख असते. आधी ती तारीख वाचा, बाकीचे नंतर. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली तर त्याआधीच्या चोवीस महिन्यांचे कामगारांचे देणे तारण सोडून रांगेत आलेल्या बँकांच्या बरोबरीने धरले जाते आणि प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन फंड व ग्रॅच्युइटी फंडातून कामगाराला येणारे पैसे विकायच्या मालमत्तेत धरत नाहीत. म्हणून पगाराच्या पावत्या, हजेरीचे कार्ड, नेमणुकीचे पत्र जपून ठेवा. लोखंडी पेटीत असू द्या, पण असू द्या.

आणि ज्या घरातला कर्ता माणूस धंद्यात बुडाला असेल त्या घरी गेलात तर त्याला नाव ठेवू नका. धंदा बुडाला म्हणा, माणूस बुडाला म्हणू नका.

परवा ती मुलगी पुन्हा भेटली. मी तिला सांगितले, "भाषा कोणतीही शीक. पण कागद वाचताना खालच्या ओळीपर्यंत वाच. तुझ्यावर विसंबून कोणीतरी थांबलेले असते." त्या आत्याही तिथे होत्या. त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. मुलाच्या बंद पडलेल्या कंपनीचा होता. म्हणाल्या, "बघ गं जरा, यात तारीख काय लिहिलीय?"

आम्ही तिघी तिथेच बसलो आणि तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तारखेला अजून अकरा दिवस होते.

जयभीम.